केस गळण्याआधीचे तीन महिने

मालवणच्या मच्छी मार्केटात गिऱ्हाईक कमी झालं, किंवा देवगडच्या स्टँडवर गाडीची वाट बघत चारजणी टेकल्या, की पाणी, भाव, मुलांच्या परीक्षा यांच्यामागोमाग केसांचा विषय निघतोच. ‘‘केस कितके गळतत गो!’’ एकीने म्हणायचा अवकाश, बाकीच्या तिघी आपापला शेपटा पुढे ओढून दाखवतात. मग कारणं निघतात. बोअरिंगचं पाणी. नवा शाम्पू. मुंबईहून आणलेला रंग. कुणाची तरी नजर. उपायही तिथल्या तिथे मिळतात : जास्वंद, कांद्याचा रस, माक्याचं तेल. (आमच्या मालवणीत ‘माका’ म्हणजे ‘मला’, त्यामुळे ‘माका माका व्हया’ हा विनोद दर वेळी होतो आणि दर वेळी हसू येतं.) तेवढ्यात एखादी डॉक्टरकडे जाऊन आलेली असते. ती सांगते, ‘‘डॉक्टर म्हणाले, टेन्शनने गळतात. टेन्शन घेऊ नका.’’ यावर सगळ्या गप्प होतात. कारण यापुढे बोलायला काही उरत नाही. टेन्शन म्हणजे आपलंच. आपणच घेतलेलं. तेव्हा केस गेले ते आपल्याच करणीने.

या ‘टेन्शन घेऊ नका’बद्दल मला लिहायचं आहे. डॉक्टर खोटं बोलत नाहीत, हे आधीच सांगते. मनावरच्या आणि शरीरावरच्या ताणाने केस गळतात, ही बायकांची समजूत नाही, ते शास्त्र आहे. पण अर्धं सांगितलेलं शास्त्र बाईच्या डोक्यावर आणखी एक ओझं ठेवून जातं, तेव्हा उरलेला अर्धा भाग आपणच समजून घेतला पाहिजे.

आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. ते सगळे एकाच वेळी वाढत नसतात. शंभरांतले पंच्याऐंशी-नव्वद वाढत असतात, आणि ही वाढ दोन ते सहा वर्षं चालते. उरलेले दहा-पंधरा विश्रांतीत असतात. विश्रांतीचा काळ सुमारे तीन महिन्यांचा. तो संपला की जुना केस गळतो आणि त्याच मुळातून नवा वर येतो. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणं यात काळजीचं काही नाही. आपला केस लांब, म्हणून मोरीत त्याचा गुंता मोठा दिसतो. पुरुषाचे तेवढेच केस गळले तरी कुणाच्या नजरेत भरत नाहीत.

आता शरीराला मोठा धक्का बसला, म्हणजे तापाचं मोठं आजारपण, बाळंतपण, शस्त्रक्रिया, उपासमार, घरातला मृत्यू, महिनोन्‌महिने जागरण, की शरीर काटकसरीला लागतं. घरात पैसा आटला की आपण आधी काय बंद करतो? नवं लुगडं. शरीरही तेच करतं. हृदय, मेंदू यांचं चालू ठेवतं आणि केसांची वाढ थांबवतं. वाढणाऱ्या केसांपैकी पुष्कळसे, कधी कधी तिसरा हिस्सासुद्धा, एकदम विश्रांतीत जातात. त्या दिवशी एकही केस गळत नाही. ते गळतात दोन-तीन महिन्यांनी, विश्रांती संपल्यावर, सगळे एकदम. डॉक्टर याला ‘टेलोजेन एफ्लुवियम’ म्हणतात. हे नाव अल्बर्ट क्लिगमन नावाच्या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने १९६१ साली दिलं. (याच गृहस्थांनी फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगात कैद्यांच्या कातडीवर वर्षानुवर्षं प्रयोग केले. ज्ञान कुठून आलं हेही कधी कधी लक्षात ठेवावं.) मुळं शाबूत असतात, त्यामुळे धक्का एकदाच बसलेला असेल तर चार-सहा महिन्यांत गळती थांबते आणि केस परत येतात. कपाळाच्या कडेला आखूड आखूड केस उभे राहिलेले दिसतात, तरवा उगवून आल्यासारखे. पण धक्का संपलाच नाही तर गळतीही संपत नाही. सहा महिन्यांपलीकडे चालणारी अशी गळती तीस ते साठ वयाच्या बायकांतच जास्त आढळते. का, ते वेगळं सांगायला नको.

हे आतून कसं घडतं त्याचा थोडा उलगडा २०२१ साली झाला. हार्वर्ड विद्यापीठात या-चिए शू या बाईंच्या गटाने उंदरांवर काम केलं. सतत ताणाखाली ठेवलेल्या उंदरांत ताणाचं जे संप्रेरक वाढतं, ते केसाच्या मुळाशी असलेल्या पेशींना एक विशिष्ट रेणू तयार करू देत नाही, आणि त्या रेणूच्या इशाऱ्यावाचून केसाची मूळपेशी जागीच होत नाही. माणसातही अगदी असंच घडतं असं एवढ्यावरून म्हणता येणार नाही. पण ताण म्हणजे नुसते मनाचे खेळ, केस वगैरे त्यावर कसे अवलंबून असतील, असं म्हणणाऱ्यांना एवढं उत्तर पुरेसं आहे.

माझा मुद्दा त्या तीन महिन्यांचा आहे. घाव पडला तो महिना एक, आणि केस गळले तो महिना दुसरा. मधल्या काळात बाई सावरलेली असते, कामाला लागलेली असते. ‘‘आता सगळं बरं चाललंय, आणि आताच केस कसे गळायला लागले?’’ असं तिला वाटतं. म्हणून ती गेल्या आठवड्यात काय बदललं ते शोधते, आणि तिला शाम्पू सापडतो, पाणी सापडतं, शेजारणीची नजर सापडते. बाळंतिणीचंच बघा. मूल आईला ओळखायला लागलं की आईचे केस गळतात, असं जुन्या बायका म्हणतात. मूल तीन-चार महिन्यांचं झाल्याशिवाय कुठे हसून ओळखतं! म्हणजे जुन्या बायकांनी महिना बरोबर पकडला होता, कारण मात्र मुलाच्या हसण्यात शोधलं.

आपल्या किनाऱ्याची अलीकडची वर्षं या हिशेबाने मांडून बघा. २०१९च्या ऑक्टोबर अखेरीस, ऐन दिवाळीत, ‘क्यार’ वादळ समुद्रातून गेलं आणि पाठोपाठ ‘महा’ आलं. होड्या किनाऱ्याला बसल्या आणि कापणीला आलेलं भात शेतात आडवं झालं. २०२०च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली. मासळीचा बाजार बंद, मुंबईच्या नोकऱ्या बंद. जे चाकरमानी गणपतीला आणि मे महिन्यात यायचे, ते आता राहायला आले. आधी त्यांना शाळेत चौदा दिवस वेगळं ठेवायचं, त्यांचे डबे पोचवायचे, मग घरात घ्यायचं. माणसं वाढली, पगार थांबला, चूल तीच. २०२१च्या मे महिन्यात करोनाची दुसरी लाट जोरात असताना १६ तारखेला ‘तौक्ते’ आलं. मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या पट्ट्यात कौलं उडाली, माड नि कलमं पडली, होड्या फुटल्या, कित्येक गावांत दिवसचे दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणजे पंप नाही, पंप नाही म्हणजे विहिरीचं पाणी शेंदायचं. ते कुणी शेंदलं?

१६ मेपासून तीन महिने मोजा. ऑगस्टचा मध्य येतो. नारळी पौर्णिमा, मग गणपतीची तयारी, घर सारवणं-रंगवणं, पाहुणे. या दिवसांत कुणाचे केस पुंजक्याने हातात आले असतील तर तिला १६ मे आठवणं कठीण. ती म्हणणार, पावसाचं पाणी बाधलं. शिवाय त्या काळात करोनाचा ताप येऊन गेलेल्या कितीतरी जणींचे केस दोन-तीन महिन्यांनी गळले. जगभरच्या डॉक्टरांनी तशी नोंद केली आहे. ताप, भीती, वादळ, हातात पैसा नाही, यांतल्या कशामुळे किती गळले ते वेगळं करणं कुणालाच शक्य नाही. बाईच्या शरीराला हे सगळं वेगवेगळ्या पाकिटांतून मिळालेलं नसतं.

वादळानंतर तलाठी येतो, पंचनामा होतो. छपराचा होतो, होडीचा, जाळ्याचा, आंब्याच्या कलमांचा होतो. तो व्हायलाच हवा, आणि नीट होत नाही म्हणून आपण मोर्चेही काढतो. बाईच्या जागरणाचा पंचनामा मात्र कुठल्याही रकान्यात बसत नाही. तो फक्त फणीत दिसतो.

आणि दिसला की त्याला एकच नाव मिळतं : टेन्शन. हा शब्द आपल्याकडे कसा वापरतात त्याकडे लक्ष द्या. होडी असलेला माणूस अडचणीत असतो तेव्हा त्याच्या अडचणीला नाव असतं. डिझेल महागलं, बँकेचा हप्ता थकला, पर्ससीनवाल्यांनी आणि एलईडीच्या दिव्यांनी मासळी ओरबाडून नेली. त्याच्या अडचणीवर सभा होते, निवेदन जातं, जिल्हाधिकाऱ्यांच्या दारात उपोषण होतं. त्याच घरातली बाई पहाटे उठून लिलावाला उभी राहते, उधारीवर मासळी उचलते, पाटी विकून आली की आधी उधारी फेडते आणि उरेल त्यात घर चालवते. मासळी कमी आली की तिची पाटी सगळ्यात आधी रिकामी राहते. पण तिच्या अडचणीला नाव नाही. तिला असतं ते टेन्शन. आणि ते ‘घ्यायचं’ असतं, जसं काही बाजारातून पिशवीत भरून आणलं! ‘घेऊ नकोस’ म्हटलं की संपलं. ‘‘टेन्शन घेवक माका येळ खंय गावता?’’ असं एखादी पाटीवाली फटकन म्हणते तेव्हा सगळे हसतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही. ती खरं तेच सांगत असते. तिच्याकडे ताण जाणवून घ्यायलाही वेळ नाही, आणि शरीर तिला विचारायला थांबत नाही.

कामाच्या वेळेचा सरकारी हिशेबही आता आहे. देशात २०२४ साली वेळेच्या वापराची पाहणी झाली. घरातलं बिनमोलाचं काम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं जातात, आणि जे पुरुष असं काम करतात त्यांची ८८. म्हणजे बाईचे जवळजवळ पाच तास, आणि मासे विकणं, काजू फोडणं, शेतात राबणं हे त्यावर. आपल्या जिल्ह्याचं तर आणखी एक वेगळेपण. २०११च्या जनगणनेत सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १०३६ बायका होत्या. बाहेरचे लोक हा आकडा वाचून आपलं कौतुक करतात. त्यातलं बरंचसं कौतुक मुंबई-गोव्याला पोटासाठी गेलेल्या पुरुषांचं आहे. मागे राहिलेली बाई म्हातारी माणसं, गुरं, शेत, देवाचं, सोयरिकीचं, सगळं एकटीने बघते, आणि वर फोनवरून कुणी तरी तिला ‘टेन्शन घेऊ नकोस’ म्हणतं.

आता दुसऱ्या टोकाची एक गोष्ट. २०२४च्या डिसेंबरात आणि २०२५च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांतून लोकांचे केस गळायला लागले. आधी डोक्याला खाज, मग केस हातात येणार आणि तीन-चार दिवसांत टक्कल. पुरुष, बायका, शाळेतली मुलं, सगळेच. बाधितांचा आकडा पावणेतीनशेच्या वर गेला. पाण्याचे नमुने गेले, कातडीचे गेले, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं पथक आलं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर, ज्यांना आपण कोकणातले लोक विंचूदंशावरच्या उपचारासाठी ओळखतो, त्यांनीही रक्त, लघवी, केस आणि गहू तपासून घेतले. शरीरात सेलेनियम फार वाढलंय आणि जस्त कमी झालंय, आणि हे सेलेनियम रेशनवर आलेल्या गव्हातून आलं, असं त्यांनी मांडलं. पुढे २०२५च्या एप्रिलमध्ये त्याच भागात लोकांची नखंही गळायला लागली.

ती गळती ताणाची नव्हती, हे उघड आहे. आणि आठवड्यात टक्कल पडणं व वर्षभर शेपटा बारीक होत जाणं यांत फरक आहे, तोही मला मान्य आहे. पण शेगावात केसांना पुरावा मानलं गेलं. एवढ्या माणसांचे केस गेले म्हणजे पाण्यात काही असेल, अन्नात काही असेल, असं धरून शोध सुरू झाला. कारण शरीराबाहेर शोधलं गेलं. आपल्या बाजारातल्या चारजणींचे केस एकाच मोसमात गळतात तेव्हा मात्र चौघींना चार वेगवेगळी टेन्शनं असतात, आणि चारही त्यांच्या त्यांच्या डोक्यात. बाहेर शोधायला कुणी निघत नाही. शेगावच्या वेळी आणखी एक वाचलं आणि पोटात कालवलं. लोकांनी या गावांतल्या माणसांजवळ बसणं टाळलं, आणि लग्नं ठरायची पंचाईत झाली. गव्हात काही असो, पाण्यात असो, केस गेलेल्या मुलीला नाकारायला कारण लागत नाही.

केस गेलेल्या बाईची एवढी भीती कुठून आली असेल? आपल्याकडे बाईच्या डोक्यावरचे केस तिचे एकटीचे कधी नव्हतेच. नवरा गेला की ते काढून टाकायचे, ही रीत ब्राह्मणांत आणि त्यांचं अनुकरण करणाऱ्या काही जातींत होती. केशवपन हा शब्द वाचताना आज सोवळा वाटतो, पण त्याचा अर्थ दर काही दिवसांनी न्हाव्यापुढे मान खाली घालून बसायचं आणि लाल आलवणाखाली ते डोकं झाकायचं. १८९० साली मुंबईतल्या न्हाव्यांनी सभा घेऊन, आम्ही विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही, असं ठरवलं. नारायण मेघाजी लोखंडे आणि सत्यशोधक मंडळी त्यामागे होती. ज्यांच्या हातून हा अन्याय करवून घेतला जात होता त्यांनीच तो करायला नकार दिला, ही गोष्ट मला नेहमीच मोठी वाटत आली आहे. गाबीत, भंडारी, मराठा, महार घरांतून वपन नव्हतं. पण बोडकी बाई अशुभ, ही धास्ती सगळ्या जातींत पाझरली. शिव्यांतही ती उरली आहे.

किनाऱ्यावर याला फुलांची बाजू आहे. फाल्गुन-चैत्रात वेंगुर्ल्याकडची सुरंगी फुलते, एरवी अबोली, बकुळ असतेच. वळेसर माळायला केस लागतात आणि नवराही लागतो. नवरा गेला की वळेसर गेला, कुंकू गेलं, बांगड्या गेल्या. मे २०२२मध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ही प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य सरकारने बाकीच्या गावांनाही तसं करायला सांगितलं. कागदावर चांगलं झालं. पण ज्या मनांत केस म्हणजे सौभाग्य, त्या मनांत गळणारे केस म्हणजे काही तरी निसटत चाललंय. म्हणून बाई गळती लपवते. भांग बदलते, अंबाड्यात गंगावन घालते, न्हायल्यावर मोरीतला गुंता घरचे उठायच्या आत उचलून टाकते. आणि या लपवण्याचाही ताण होतो, त्याने गळती आणखी लांबते. केस गळतात म्हणून काळजी आणि काळजीने केस, हे चक्र डॉक्टरांनाही माहीत आहे. ‘टेन्शन घेऊ नका’ म्हणून ते तुटत नाही. ‘हे केस परत येतात, तीन महिन्यांपूर्वी तुमच्याकडे काय झालं होतं?’ असं विचारलं तर निदान सैल तरी पडतं.

आता या शब्दाचा दुसरा तोटा, जो मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटतो. टेन्शन म्हटलं की तपासणी थांबते. केस गळायची कारणं पुष्कळ आहेत, आणि बायकांत सर्रास आढळणारं एक कारण म्हणजे अंगात रक्त नसणं. २०१९ ते २१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या शंभर बायकांतल्या ५४ जणींना रक्तक्षय होता. मासळीच्या गावात राहून रक्तक्षय कसा, असं कुणी विचारेल. त्याने आपल्याकडची पंगत बघावी. तुकडी पुरुषांच्या आणि मुलांच्या पानात जाते, शेवटी बसणारीच्या भातावर सार येतं. वर पोट मारायला चहा, आणि जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोहही अंगी लागू देत नाही. पाळीत जास्त जाणारी बाई ‘तसंच असतं’ म्हणून वर्षं काढते. थायरॉइडचंही तेच. थकवा, वजन वाढणं, केस गळणं, मन लागेनासं होणं, हे सगळं थायरॉइड कमी पडल्याने होऊ शकतं, आणि हे सगळं ‘टेन्शन’ या एका शब्दात चपखल बसतं. म्हणजे औषधाने बरा होणारा आजार स्वभावाच्या नावावर खपतो. डोक्यावर रुपयाएवढी गुळगुळीत चाई पडली तर तो आणखी वेगळा आजार. भांग रुंद होत जाऊन मधले केस विरळ झाले तर त्यात आनुवंशिक भाग असतो, तो नुसता थांबून बरा होत नाही, लवकर दाखवलेलं बरं. चुंबळीवर जड पाटी ठेवून वर्षानुवर्षं चाललेल्या बाईच्या माथ्यावरचे केस दाबाने आणि घासल्याने तुटतात. तिथे ताण शब्दशः डोक्यावरच असतो.

म्हणून ‘टेन्शन’ हे निदान शेवटी यावं, आधी नव्हे. हिमोग्लोबिन सरकारी दवाखान्यात बघतात, ते आधी करून घ्यावं. थायरॉइडची तपासणी आणि शरीरातला लोहाचा साठा बघणारी फेरिटिनची तपासणी लिहून मागावी. मागायला लाजू नये. केसांच्या गोळ्या म्हणून बायोटिन विकतात, त्याची कमतरता फार थोड्यांना असते. शिवाय ते घेत असताना थायरॉइडच्या तपासणीचे आकडे चुकू शकतात, तेव्हा घेत असाल तर रक्त द्यायच्या आधी सांगा. खोबरेल तेल लावा, चांगलं असतं, केसाची काडी तुटत नाही त्याने. पण झोपलेलं मूळ तेलाने जागं होत नाही. कणकवली-कुडाळपासून पणजीपर्यंत आता केसांच्या उपचारांच्या पाट्या लागल्या आहेत. तीन महिन्यांत केस परत आणून देतो म्हणणाऱ्याला एक गोष्ट पक्की माहीत असते : ताणाची गळती असेल तर ते तसेही परत येणारच असतात.

केसाचं आणखी एक गंमतशीर शास्त्र आहे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि वाढताना त्या त्या वेळी रक्तात असलेलं ताणाचं संप्रेरक, कॉर्टिसॉल, त्याच्या काडीत साठतं. मुळापासूनचे तीन सेंटिमीटर कापून तपासले की गेल्या तीन महिन्यांतल्या ताणाचा अंदाज येतो. संशोधक ही पद्धत वापरतात, आपल्या दवाखान्यांत ती नाही, आणि नसली तरी फारसं बिघडत नाही. कारण ती जे सांगेल ते बाई तोंडाने सांगू शकते, विचारलं तर. मे महिन्यात छप्पर उडालं. नवऱ्याने दारूत हप्ता घालवला. सासूला अर्धांगवायू झाला आणि रात्री उठायचं माझ्या एकटीवर. मुलगा खलाशी म्हणून गेला, फोन लागत नव्हता. यांतल्या एकालाही ‘घेऊ नकोस’ हे उत्तर नाही. एकाला उत्तर पंचनामा आहे, एकाला पोलीस ठाणं, एकाला घरातल्या पुरुषाने रात्री उठणं. आणि काहींना उत्तर नाहीच, तिथे निदान बसून ऐकणारी एक मैत्रीण.

आपल्या बैठकांतून आपण बचतीचा हिशेब घेतो, मारहाणीच्या तक्रारी घेतो, पाण्याच्या नळाचं बोलतो. केसांचं मात्र बैठक संपल्यावर, चप्पल घालताना बोलतो. पुढच्या वेळी ते सतरंजीवरच बोलावं, असं मला वाटतं. आणि जी वाचते आहे तिने आम्हाला लिहून कळवावं : केस कोणत्या महिन्यात गळायला लागले, आणि त्याच्या तीन महिने आधी घरात, गावात, समुद्रात काय झालं होतं. नाव घालायची गरज नाही, गावाचं नाव पुरे.